फ्रिजवरचा तक्ता आणि बुधवारची दुपार

मावशी,

तुमच्या मुलीच्या वयाची असेन, तेव्हा उत्तरात सरळ अगं-तुगं करा, तेवढंच बरं वाटेल.

मला दोन मुलं. थोरली सव्वापाच वर्षांची, धाकटा अडीचचा. थोरलीच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि नेमकं त्याच आठवड्यात धाकट्याचं पाळणाघरही बंद. नवरा कामानिमित्त परगावी. मी घरून काम करते आणि रजा शिल्लक नव्हती. आठवडा नीट पार पडावा म्हणून रविवारी रात्री जागून एक मोठा तक्ता केला. सकाळी सात ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाला एक रकाना. हिरवा थोरलीचा, निळा धाकट्याचा. रंगकाम, मातीकाम, पाण्याचे खेळ, गोष्ट, अक्षरओळख, व्यायाम.

सोमवारी जमलं. मंगळवारी निम्मं जमलं. बुधवारी दुपारी माझा कॉल चालू असताना धाकट्यानं थोरलीचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला. तिनं त्याला ढकललं, त्यानं भोकाड पसरलं, आणि मी दोघांवर इतक्या जोरात ओरडले की कॉलवरचे सगळे गप्प झाले. धाकटाही रडायचा थांबला. त्याचं ते एकदम थांबणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर शुक्रवारपर्यंत टीव्ही लावून दिला. किती तास ते विचारू नका. रात्री नवऱ्याचा फोन आला, ‘मग, काय काय केलंत आज दिवसभर?’ मी फोन ठेवून दिला.

मैत्रिणींची मुलं शिबिरांना जातात, त्यांचे फोटो बघते आणि वाटतं, आपल्याच घरी का जमत नाही? पुढच्या सोमवारपासून पुन्हा असाच आठवडा आहे. तक्ता अजून फ्रिजवर आहे. काढून टाकू की सुधारून लावू?

— बुधवारी हरलेली


अगं बुधवारवाले,

तक्त्याचं शेवटी बघू. आधी एक हिशेब करू. सात ते आठ म्हणजे तेरा तास, एका मुलाचे सव्वीस रकाने, दोघांचे बावन्न. पाच दिवसांचे दोनशे साठ. एवढं वेळापत्रक शाळासुद्धा पाळत नाही, आणि तिथे ते पाळायला पगारी माणसं असतात. तुझ्या पत्रात हिरवा रंग आहे, निळा आहे. तुझ्या नोकरीचा रंग कोणता होता? तुझ्या जेवणाचा? मी पत्र दोनदा वाचलं, मला काही सापडला नाही.

सोमवारी ते जमलं याचंच मला नवल वाटतं. तसं कारण उघड आहे, सोमवारी सगळं नवं होतं आणि तू ताजी होतीस. पण लहान मुलाला रंगकामाला बसवायचं म्हणजे कागद अंथरायचे, पाणी आणायचं, बाह्या दुमडायच्या. पंधरा मिनिटं तुझी तयारीत जाणार, धाकटा त्यात सात मिनिटं रमणार, आणि पुढची वीस मिनिटं तू फरशी पुसणार. तोवर पुढचा रकाना लागलेला. शिवाय या वयाची मुलं एका गोष्टीतून दुसरीत जाताना अडतात. खेळ संपला म्हणून रडतात, आंघोळ सुरू झाली म्हणून रडतात, आंघोळ संपली म्हणून पुन्हा रडतात. रडणं येतं ते सांध्यांवर. सव्वीस रकान्यांना पंचवीस सांधे. तुझं घर बुधवार दुपारपर्यंत टिकलं म्हणजे कमालच म्हणायची.

माझी मुलं लहान होती तेव्हा माझ्या भिंतीवर तक्ता नव्हता, पण डोक्यात होता. सुट्टी म्हणजे मुलांना सतत काहीतरी ‘दिलं’ पाहिजे, अशी माझी समजूत. एका उन्हाळ्यात मला सडकून ताप भरला. घरात दुसरं मोठं माणूस नाही. मी बाहेरच्या दाराला कडी घातली, औषधांचा डबा माळ्यावर टाकला आणि मुलांच्याच खोलीत सतरंजी पसरून आडवी झाले. म्हटलं, आज जे होईल ते होईल. पहिला अर्धा तास दोघं माझ्या अंगावर चढत होती. मग मी डोंगर झाले. मग मी आजारी गाय झाले आणि मला तपासायला डॉक्टर आले. मग ती मला विसरली. दीड-दोन तास दोघं आपापलं काहीतरी करत होती. मधूनच एखादं येऊन मला नुसता हात लावून जायचं, खुंटा जागेवर आहे ना हे बघितल्यासारखं. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी काहीही केलं नाही आणि त्या अख्ख्या सुट्टीतली ती सगळ्यात शांत दुपार होती. मला थोडा रागच आला होता, खरं सांगायचं तर. इतके दिवस मी कशासाठी मरमर करत होते?

याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी डोनाल्ड विनिकॉट यांच्या लिखाणात भेटलं. हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५८ साली छापून आलेल्या एका निबंधात त्यांनी म्हटलं की एकटं असण्याची ताकद मुलात येते ती दुसरं कुणीतरी जवळ असताना. ऐकायला उलटं वाटतं. पण आई आहे, ती कुठे जात नाही आणि माझ्याकडे काही मागतही नाही, अशी खात्री पटली की मूल तिच्याकडे पाठ करून आपल्या खेळात शिरतं. माझ्या तापानं नेमकं एवढंच केलं होतं. मी हलूच शकत नव्हते, त्यामुळे मी निघून जाईन ही भीती नव्हती, आणि सूचना देण्याइतका जोर घशात नव्हता.

आता तू म्हणशील, मी तर घरातच होते की. होतीस. पण घरात असणं आणि मुलांना सापडणं यात फरक आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आईनं बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून समोर बसायचं. बाळं आधी हसून, हात पुढे करून तिला परत आणायचा प्रयत्न करत, आणि काही केल्या जमत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून बेचैन होत. प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे, तो अडीच आणि पाच वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावू नये. तरी लॅपटॉपकडे बघणारा चेहरा मुलांना साधारण तसाच दिसत असणार, असं मला वाटतं. आई समोर आहे आणि नाही. कपड्यांच्या घड्या घालणारी आई दर घडीला मान वर करते. ईमेल लिहिणारी आई करत नाही. म्हणून घड्या घालताना मुलं खेळतात आणि ईमेल लिहिताना मांडीवर येऊन बसतात. ती तुझी परीक्षा बघत नाहीत, खुंटा हलवून बघतात.

यातून कामाचा एक मार्ग निघतो. तुझी ऑफिसची कामं दोन ढिगांत घाल. अर्धं लक्ष पुरेल अशी एका ढिगात: नुसते ऐकायचे कॉल, फायली जागच्या जागी लावणं, साधी उत्तरं. ती मुलांच्या खोलीत जमिनीवर बसून कर, मान वर करत. पूर्ण लक्ष लागेल अशी दुसऱ्या ढिगात, आणि ती मुलं जागी आणि मोकळी असताना करायचीच नाहीत. अशी कामं दिवसाला दोन-अडीच तासांहून जास्त उरली तर वरिष्ठांना रविवारी रात्रीच कळव की या आठवड्यात मी अमुक वेळेला मिळेन, अमुक वेळेला नाही. बुधवारी कॉलवर सगळ्यांना कळण्यापेक्षा ते सोपं पडेल.

आणि मुलांकडून वेळ मागण्याआधी थोडा देऊन टाक. दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, ती म्हणतील ते. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, घोड्याला निळा रंग दिला तर देऊ द्यायचा. पोट भरलेलं मूल जसं ताटावरून आपणहून उठतं, तसं लक्षानं भरलेलं मूल आपणहून सरकतं. दहाच्या दहा वेळा नाही. सहा वेळा सरकलं तरी तुझा आठवडा तरून जाईल.

आता दिवस. रकाने नकोत, तीन खुंट्या ठोक: सकाळी बाहेर, दुपारी शांत, संध्याकाळी पाणी. या तिन्हींच्या वेळा शक्यतो हलवायच्या नाहीत. मधलं सगळं मोकळं.

सकाळी उठल्यावर, ऊन तापायच्या आत, दोघांना बाहेर काढ. मोकळं मैदान असो की घराभोवतीची सावली, पळायला जागा हवी एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय. तीन तासांचा आकडा बघून घाबरू नकोस, घरातली लुडबुड, उड्या, जिन्यावरची चढउतर सगळं त्यात धरतात. पण त्यातला निम्मा वाटा सकाळीच उरकला की दुपार निराळी जाते. नाश्त्याआधी घराबाहेर पडायला कपडे बदलायची गरज नाही, केस विंचरायचीही नाही. रात्रीच्या कपड्यांत पळणाऱ्या मुलांना अजून कुणी अडवलेलं मी पाहिलेलं नाही.

दुपारची खुंटी तुझ्यासाठी सगळ्यात मोलाची, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. धाकट्याच्या वयाला दिवसाची झोप धरून एकूण ११ ते १४ तास झोप लागते, तेव्हा तो दुपारी झोपणार हे गृहीत धर. थोरली झोपणार नाही, आणि तिला झोपवायचा हट्टही धरू नकोस. जी झोपणार नाही तिला झोपवण्यात तास जातो आणि शेवटी आईच पेंगते. तिच्यासाठी ‘शांत वेळ’ ठेव. पडदे ओढलेले, आवाज हळू, आणि एक खोका, जो फक्त त्याच वेळेला निघतो आणि नंतर कपाटात जातो. खोक्यात काय, हे फार महत्त्वाचं नाही. चित्रांची पुस्तकं, जुनी बटणं आणि दोरा, चिकटपट्टी आणि कागद. (चिकटपट्टीचं रीळ पाच वर्षांच्या मुलीला मनसोक्त वापरू दे. जगातलं सगळ्यात कमी लेखलेलं खेळणं आहे ते.) बटणं मात्र धाकटा उठायच्या आत मोजून परत खोक्यात, कारण त्याच्या तोंडात काय जाईल सांगता येत नाही. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांवर थांब. ती आपणहून ‘अजून’ म्हणेल तिथे थांबणं उत्तम. रोज पाच-दहा मिनिटं वाढवत शुक्रवारपर्यंत पाऊण तास झाला तर तुझ्या दुसऱ्या ढिगाची सोय झाली. किती वेळ ते तिला दिसू दे. घड्याळावर काटा कुठे पोचला की संपलं, ते ठिपका चिकटवून दाखव. ‘थोड्या वेळानं’ हे शब्द पाच वर्षांच्या मुलीला काहीच सांगत नाहीत.

आणि ऐक, त्या पाऊण तासात भांडी घासायची नाहीत. मला माहितेय तुझा हात आपोआप तिकडे जाणार. भांडी मुलांच्या संगतीनं घासता येतात, ऑफिसचा अहवाल लिहिता येत नाही.

मनोऱ्याकडे येते, कारण सगळं तिथून पेटलं. तू पत्रात लिहिलंस ‘धाकट्यानं पाडला, तिनं ढकललं’, आणि मला पैजेवर सांगता येईल की ओरडताना ‘तू मोठी आहेस ना!’ हे वाक्य तुझ्या तोंडून निघालं असणार. सगळ्यांच्याच निघतं. पण तिच्या बाजूनं बघ. तिनं अर्धा तास खपून काहीतरी उभं केलं, ते एका सपाट्यात गेलं, आणि वर शिक्षा तिलाच. त्यालाही दोष नाही. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकेतल्या अभ्यासिकेनं बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ साली खेळाचे प्रकार मांडले. लहान वयातली मुलं बहुतेक शेजारी-शेजारी खेळतात, तीच खेळणी घेऊन, पण आपापलं. मिळून खेळणं, एकच गोष्ट दोघांनी उभी करणं, हे हळूहळू पुढे येतं. तुझी थोरली त्या टप्प्याला पोचलीय, धाकटा अजून वाटेवर आहे. त्याच्या लेखी मनोरा पाडणं हाच खेळातला त्याचा वाटा. किती छान आवाज होतो!

म्हणून ‘मिळून खेळा’ हा आग्रह या आठवड्यापुरता गुंडाळून ठेव. तिला उंचावर जागा दे. जेवणाचं टेबल, कपाटाचा मोठा कप्पा, जिथे त्याचा हात पोचत नाही असं काहीही. त्या जागेवरचं तिचं, कुणी हात लावायचा नाही, तूसुद्धा आवरायला म्हणून लावायचा नाहीस. त्याला जमिनीवर पाडण्यासाठीच मनोरे रचून दे, किंवा तिला रचू दे. ‘हा माझा, हा तुझा पाडायचा’ असं मुलीनं स्वतः म्हटलेलं मी ऐकलंय. आणि सकाळच्या दहा मिनिटांतली निम्मी तिची एकटीची असू देत, तो दुसरीकडे गुंतलेला असताना. धाकट्याला आई दिवसभर मिळते, कारण तो ती मिळवतो. थोरली समजूतदार असते म्हणून तिच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

खेळणी कमी कर, हे जाता जाता. २०१८ साली अमेरिकेत टोलेडो विद्यापीठातल्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुझ्या घरात सोळा नसून साठ असतील. रविवारी रात्री तक्ता करण्याऐवजी तीन पोती भर, माळ्यावर टाक, दोन दिवसांनी एक उतरव. जुनं खेळणं माळ्यावरून उतरलं की नवं होतं.

संध्याकाळी पाणी. लांबलचक आंघोळ, टपात पेले आणि चाळणी, बाहेर जागा असेल तर झाडांना पाणी घालणं. दिवसभराची किरकिर पाण्यात विरघळते, हे मी कुठल्या अभ्यासावरून सांगत नाही. पण पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट मी हसत सांगणार नाही. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बहुधा आवाज न करता. म्हणून टप, बादली, फुगवायचा हौद, यांच्याजवळ तू हाताच्या अंतरावर, फोन नाही, ‘ताई, जरा बघ हं याच्याकडे’ हेही नाही, आणि खेळ संपला की पाणी तिथल्या तिथे ओतून भांडं पालथं. उभ्या गाडीचंही तसंच. बंद गाडीतलं तापमान दहाच मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढू शकतं, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. ‘आत जाऊन पटकन येते’ हे दोघांना गाडीत ठेवून कधीच नाही.

उन्हाचं बाकी तुला ठाऊक असेल. खेळण्याच्या नादात मुलांना तहानेचं भान राहत नाही, तेव्हा मागायची वाट न बघता घोटभर घोटभर पाजत राहा. दोघांचे पेले त्यांच्या हाताला येतील असे ठेव, सांडलं तर सांडलं. लघवी गडद पिवळी, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा-आठ तासांत लघवीच नाही, किंवा मूल नेहमीपेक्षा मलूल, असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचार. अंग भाजतंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा नीट जागं होत नाहीये, असं झालं तर विचारत बसू नकोस. आधी मदत बोलाव, आणि ती येईपर्यंत सावलीत घेऊन कपडे उतरव, अंग ओलं कर, वारा घाल.

रात्री झोपेचा गोंधळ होतो तो बऱ्याचदा उजेडामुळे. २०१८ सालच्याच एका छोट्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं, तर झोप आणणारं मेलाटोनिन जवळजवळ ९० टक्क्यांनी घटलं. दहाच मुलांचा अभ्यास होता, पण पडदे लवकर ओढायला आणि दिवे मंद करायला काही खर्च येत नाही. करून बघ.

टीव्हीचे तास मी विचारत नाही, तूच नको म्हणालीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडद्याकडे बघणं दिवसाला एक तासाच्या आत असावं, कमी असेल तर आणखी बरं, असं आहे. तीन दिवस ते मोडलं म्हणून मुलं बिघडत नाहीत. पण पुढच्या आठवड्यात तो तास नेम धरून वापर. दमल्यावर, हरल्यावर लावलेला टीव्ही बंद करता येत नाही. ज्या वेळेला तुझा टाळता न येणारा कॉल आहे त्या वेळेला, ठरवून, दोन भाग आणि बंद, असा लावलेला करता येतो. तेव्हाही धाकटा थोडा रडेल. तो एक सांधा आपण मोजून ठेवलाय.

आता ते ओरडणं.

तू लिहिलंस, धाकटा रडायचा थांबला आणि ते थांबणं डोळ्यांसमोरून जात नाही. जाऊ नये. तो घाबरला होता, तुलाही ते कळलं, आणि असं कळणारी आई ओरडण्याची सवय लावून घेत नाही. पण नुसतं मनात कुढून त्याला काय मिळणार? याच ट्रॉनिक यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. चांगलं गूळपीठ असलेल्या आई-बाळांचे सूरसुद्धा खेळताना जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकतं, आणि मग दोघं मिळून ते पुन्हा जुळवतात. बाळ त्या जुळवण्यातूनच शिकतं. तेव्हा बुधवारचं अजून जुळवून झालं नसेल तर आज कर. आठवडा उलटला म्हणून उशीर झाला असं समजू नकोस, थोरलीला सगळं आठवतंय. तिला वेगळं घेऊन सांग, ‘बुधवारी मी फार जोरात ओरडले. तुझा मनोरा पडला होता, तुला राग येणं बरोबर होतं. ढकलणं बरोबर नव्हतं. माझं ओरडणंही बरोबर नव्हतं.’ एवढंच. ‘पण तुम्ही पण ना’ अशी शेपटी लावायची नाही, शेपटी लावली की माफी परत घेतल्यासारखं होतं. धाकट्याला इतकी वाक्यं पेलणार नाहीत. त्याला मांडीवर घेऊन ‘आई ओरडली. बाळ घाबरला. आई आता ओरडत नाहीये’ असं म्हण. तो कदाचित ते वाक्य चार दिवस सगळ्यांना सांगत फिरेल, तुझ्या वरिष्ठांनाही. ऐकून घे.

पुन्हा कधी घशाशी आलं तर दोघांना दोन सुरक्षित जागी बसवून दोन मिनिटं न्हाणीघरात जा आणि तोंडावर पाणी मार. मुलं दाराबाहेर रडतील. दोन मिनिटं रडलेली मुलं मी पुष्कळ पाहिलीत, ती बरी असतात. पण हे दोन मिनिटांचं दिवसातून पाच-सहा वेळा लागायला लागलं, रात्री मुलं झोपल्यावरही झोप येईना, कशातच जीव रमेना, तर मला पत्र लिहायची वाट बघू नकोस. डॉक्टरांकडे जा आणि तिथे मुलांबद्दल न बोलता स्वतःबद्दल बोल.

तुझ्या नवऱ्याचा प्रश्न. ‘काय काय केलंत’ यात त्याला बहुधा प्रेमच म्हणायचं होतं, पण ते तुझ्यापर्यंत हजेरीसारखं पोचलं. फोन ठेवलास ते समजू शकते. पुढच्या वेळी त्याला अहवाल देण्याऐवजी काम दे. परगावी असला तरी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला वीस मिनिटं त्यानं फोनवरून थोरलीला गोष्ट वाचून दाखवायची. तेवढ्यात तू धाकट्याची आंघोळ उरकतेस, आणि तिला वीस मिनिटं कुणीतरी अखंड मिळतं. वीस मिनिटं तिच्या प्रश्नांना तोंड देऊन झालं की तो दिवसभरात काय केलं ते विचारायचा नाही. आणि परत आल्यावर पहिली सकाळ त्याची. सूचनांची यादी लिहून न ठेवता. उलटे घातलेले कपडे, विस्कटलेले केस, जे होईल ते त्याच्या पद्धतीनं होऊ दे, तू झोप.

मैत्रिणींच्या फोटोंबद्दल एकच: शिबिराचा फोटो निघतो तो मूल हसत असताना. सकाळी बूट घालताना त्याच मुलानं काय तमाशा केला त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

तर तक्ता. काढ, पण फाडू नकोस. एवढा मोठा कागद घरात सहज मिळत नाही. उलटा करून जमिनीवर पसर, चारी कोपरे चिकटपट्टीनं पक्के कर, नाहीतर धाकटा त्यावर बसून घसरेल. मधोमध एक रेघ मार, अलीकडे तिचं, पलीकडे त्याचं, आणि जाडे खडू देऊन तू शेजारी घड्या घालायला बस. रेघ पहिल्या पाच मिनिटांतच ओलांडली जाईल. तेव्हा लगेच उठू नकोस, आधी तीन घड्या पुऱ्या कर.

— तुझी मावशी